विणकामाच्या गटात उरलेली लोकर आपसांत बदलून एकमेकांना भेटी विणायच्या आहेत. वाटणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की गटात १२ जण आहेत, प्रत्येकाकडे अर्धेमुर्धे गुंडे साठलेत, ते आपसांत बदलून प्रत्येकाने दुसऱ्या कुणासाठी काहीतरी विणायचं ठरतंय, आणि घोडं अडलंय ते ‘कोणी किती आणि कुठली लोकर द्यायची’ इथे. अडण्यासारखीच जागा आहे ती. अशी अदलाबदल फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: पिशवीतली लोकर कसली, किती जाड आणि किती लांब आहे हे घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून वाटणीच्या आधी मोजणीला एक दुपार द्या.

पहिली गोष्ट, रंगावरून गट पाडू नका, जाडीवरून पाडा. निळे गुंडे एकत्र दिसायला छान दिसतात, पण त्यात एक मोज्यांची बारीक लोकर आणि एक स्वेटरची जाड लोकर असेल तर विणताना कापडाला लाटा येतात. जाड धाग्याचा पट्टा फुगतो आणि बारीक पट्ट्याला बाहेर ढकलतो. लेबल हरवलेल्या गुंड्याची जाडी पट्टीवर मोजता येते. फूटपट्टीवर धागा शेजारी शेजारी गुंडाळा, न ताणता आणि एकावर एक न चढवता. दोन इंच भरेपर्यंत गुंडाळा आणि आलेल्या वेढ्यांचे निम्मे करा, कारण एकाच इंचावर मोजलं तर एखाद्या वेढ्याची चूकही महागात पडते. इंचाला १४ किंवा जास्त वेढे आले तर ती मोज्यांची बारीक लोकर, ११-१२ आले तर डीके (‘डबल निटिंग’, म्हणजे मध्यम लोकर), ९ च्या आसपास वर्स्टेड (डीकेपेक्षा थोडी जाड), ७ किंवा कमी म्हणजे जाड. जाडीचं गणित जुळवण्याची एक सोयही आहे: बारीक लोकरीचे दोन धागे एकत्र धरून विणले की साधारण डीकेचं काम होतं.

दुसरी गोष्ट लांबीची. ‘अर्धा गुंडा’ हे माप नव्हे. लेबल असेल तर हिशेब सोपा आहे. ५० ग्रॅममध्ये १२५ मीटर लिहिलं असेल आणि वजनकाट्यावर १८ ग्रॅम भरले, तर १८ × १२५ ÷ ५० = ४५ मीटर. लेबल नसेल तर खुर्चीच्या पाठीभोवती धागा गुंडाळा, एका वेढ्याची लांबी मोजा आणि वेढ्यांनी गुणा. स्वयंपाकघरातला वजनकाटा २० ग्रॅमच्या वरच्या गुंड्यांना चालतो. त्याखाली एका ग्रॅमची चूकसुद्धा मोठी ठरते, तिथे दागिन्यांचा छोटा काटा बरा.

उसवलेली लोकर कुणी देणार असेल तर तशीच गुंड्यात घेऊ नका. तिला पडलेल्या पिळांमुळे टाके वेडेवाकडे येतात. लड करा (म्हणजे धाग्याचे मोठे सैल वेढे घ्या), चार ठिकाणी सैल आठाची गाठ मारा, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि वजन न लावता टांगून वाळवा. एरवीही गुंडा सैल गुंडाळायचा. घट्ट गुंडाळलेली लोकर ताणलेल्या अवस्थेत विणली जाते आणि पहिल्याच धुण्यात वस्तू आकसते.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा, धागा कसला आहे हा. बिनलेबलाच्या धाग्याचा १० सेंमी तुकडा चिमट्यात धरून, खाली पाण्याची ताटली ठेवून पेटवून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर नेली की ती विझते आणि राख बोटांनी चुरडता येते. ॲक्रिलिक वितळून टणक मणी होतो. सूत कागदासारखं जळतं आणि भुरभुरीत करडी राख उरते. मिश्र धागा दोन्ही लक्षणं दाखवतो, तेव्हा त्यात काय किती आहे हे यावरून कळणार नाही. शुद्ध लोकर यंत्रात धुता येणारी, म्हणजे सुपरवॉश आहे की साधी, हेसुद्धा जाळून कळत नाही. त्यासाठी ३० सेंमी तुकड्याची गोळी करून गरम साबणाच्या पाण्यात तळहातांवर पाच मिनिटं चोळा. धागे पुन्हा सुटे झाले तर सुपरवॉश, चिकटून नमदा (घट्ट गोळा) झाला तर साधी लोकर. हे कळल्याशिवाय दोन्ही एका वस्तूत घालू नका, नाहीतर एक पट्टा आटतो आणि दुसरा तसाच राहतो.

लाल, गडद निळा, काळा या रंगांचे तुकडे ओले करून पांढऱ्या रुमालात १५ मिनिटं दाबून ठेवा. रंग लागला तर तो गुंडा फिक्या रंगांच्या पिशवीत जायला नको. आणि कसर. शुद्ध लोकरीच्या गुंड्यात तुटके धागे, बारीक जाळी किंवा वाळूसारखे कण दिसले, तर तो गुंडा अदलाबदलीतून बाद. एका पिशवीतून बाराही घरांत कसर जाऊ शकते. नुसता संशय असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला आली की उघडा, म्हणजे लोकरीवर दव धरत नाही. ॲक्रिलिकवर कसरीच्या अळ्या जगत नाहीत.

प्रत्यक्ष वाटणी मी अशी सुचवेन. प्रत्येकाने एकाच जाडीच्या १०० ग्रॅमची पिशवी द्यायची. त्यात निदान एक गुंडा ३० ग्रॅमचा हवा, बाकी किरकोळ चालतील. पाच-पाच ग्रॅमचे वीस रंग ही भेट नव्हे, ती दुसऱ्याच्या दारात टाकलेली आवराआवर आहे. नावं गोलात लिहा. पहिल्याची पिशवी दुसऱ्याकडे जाते, दुसरा विणलेली वस्तू तिसऱ्याला देतो, तिसऱ्याकडची वस्तू चौथ्याला, असं शेवटपर्यंत. वस्तू पुन्हा लोकर देणाऱ्यालाच परत करायची पद्धत काही गट पाळतात, मला ती पटत नाही. त्या रंगाला कंटाळूनच तर गुंडा उरलेला असतो. गोल साखळीत एखादा मध्येच गळला तर एकाचीच भेट अडकते. त्यासाठी एक-दोन पिशव्या जादा ठेवा आणि वेळ असलेला कुणीतरी राखीव ठेवा. मुदत सहा ते आठ आठवडे पुरे. कुणाला लोकर टोचते, कुणाला मोहेर (अंगोरा शेळीची केसाळ लोकर) चालत नाही, घरात लहान बाळ आहे का, हे चिठ्ठीवर आधीच लिहून घ्या.

काय विणावं हे ग्रॅमवर ठरतं. डीकेमध्ये तान्ह्या बाळाची टोपी २५ ग्रॅमच्या आसपास होते, मोठ्या माणसाची साधी टोपी ५०-६० ग्रॅममध्ये, मनगटं गरम ठेवणारे बिनबोटांचे हातमोजे ४० च्या आसपास. जोडीची वस्तू असेल तर विणायला घेण्याआधीच काट्यावर लोकरीचे दोन समान भाग करा. लोंबते गोंडे आणि सैल बटणं बाळाच्या वस्तूला नकोत. गरम भांडी धरायचे रुमाल कधीही ॲक्रिलिकचे विणू नका, ते वितळतात, तिथे सूतच.

अगदी बारीक उरल्यासुरल्याला मला सर्वात आवडतो तो कोनी चौकोन, म्हणजे दोन कडांपासून सुरू करून मध्ये टाके कमी करत विणलेला चौकोन. ४ मिमीची सुई (जुन्या क्रमांकात ८), डीके लोकर, ३१ टाके घाला. पहिली ओळ सगळी सुलट (साध्या सरळ टाक्यांची). दुसरी ओळ: १४ सुलट, मग मधल्या तीन टाक्यांचा एक करा (एक टाका न विणता उचला, पुढचे दोन एकत्र सुलट विणा, उचललेला त्यांच्यावरून ओढा), पुन्हा १४ सुलट. आता २९ उरले. तिसरी ओळ सगळी सुलट. चौथ्या ओळीत दोन्ही बाजूंना १३, मग १२, असं एकाआड एक ओळीत करत शेवटी एकच टाका उरतो. बाजू साधारण ७ सेंमी होते आणि जेमतेम ३ ग्रॅम लागतात. पुढचा चौकोन शिवून जोडत बसू नका. आधीच्या चौकोनाच्या कडेवरून १५ टाके उचला, १ कोपऱ्यावर, १५ नवे घाला आणि तसंच चालू ठेवा.

लोकर मध्येच संपणं ही उरलेल्या लोकरीची कायमची डोकेदुखी आहे. एका ओळीला कापडाच्या रुंदीच्या तिप्पट धागा लागतो, सगळ्या सुलट ओळींच्या विणीत थोडा जास्त, टाके बंद करायला चौपट. म्हणजे ३० सेंमी रुंदीला शेवटी सव्वा मीटर हातात हवा. रंग बदलताना दोन्हीकडे १५ सेंमी टोक सोडा. साध्या लोकरीची टोकं उकलून, ओली करून, तळहातांवर चोळून एकजीव होतात. सुपरवॉश, ॲक्रिलिक आणि सुताला हे जमत नाही, तिथे टोक सुईने तीन दिशांनी लपवायचं. मग वस्तू धुऊन वाळवा आणि नंतरच टोकं कापा. आधी कापलेली टोकं पहिल्या धुण्यात हमखास बाहेर डोकावतात.

भेटीबरोबर चिठ्ठी: धागा कसला, पाणी गार की कोमट, यंत्रात चालेल का, इस्त्री करायची का (ॲक्रिलिकला नाही), आणि वाळवताना सपाट पसरायचं की टांगायचं. चिठ्ठीला प्रत्येक रंगाचा दीड मीटर धागा गुंडाळून द्या. टाचेला किंवा कोपराला भोक पडलं की रफू करायला तोच रंग मिळेल.