क्रोन्स असताना दाताचं इम्प्लांट करावं का?

तुम्ही विचारलंय की क्रोन्स (आतड्याला सूज येत राहणारा जुनाट आजार) आहे, अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे, खालची दाढ काढावी लागली आणि आता डेंटिस्ट इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, करा म्हणतायत. तर ते करावं की ब्रिजवर, म्हणजे शेजारचे दात घासून त्यांच्या आधाराने बसवलेल्या दातावर, भागवावं? मी डॉक्टर नाही. पण मलाही क्रोन्स आहे आणि माझ्या तोंडात एक इम्प्लांट आहे, म्हणून लिहिते.

क्रोन्स आहे म्हणजे इम्प्लांट नाहीच, असं अजिबात नाही. बेल्जियममधल्या लुव्हेनच्या डॉक्टरांना क्रोन्सच्या रुग्णांमध्ये इम्प्लांट सुरुवातीलाच निकामी होण्याचं प्रमाण जास्त दिसलं होतं, पण त्यांच्या अभ्यासात असे रुग्ण मोजकेच होते. माझ्या मते खरा प्रश्न आहे तो केव्हा करावं याचा. टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात पक्का व्हायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. त्या काळात आतडं शांत हवं, अन्न अंगी लागायला हवं आणि शक्यतो स्टेरॉइड नको, कारण स्टेरॉइडने जखम उशिरा भरते आणि हाडंही ठिसूळ होतात.

माझ्या गॅस्ट्रोच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड पूर्ण बंद होईपर्यंत थांबायला लावलं. व्हिटॅमिन डी खूपच कमी निघालं, ते आधी भरून काढलं. बी-12 ची इंजेक्शनंही घेतली. हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषलं जातं आणि माझा आजार नेमका तिथेच आहे. जिभेची आग होते ती दातांमुळे, असं मी धरून चालले होते. बी-12 सुरू झाल्यावर ती थांबली. तुम्हीही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), डी आणि बी-12 करून घ्या. अझाथायोप्रिनने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, त्यामुळे सीबीसी अगदी ताजा हवा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. पुढेमागे इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅब (क्रोन्ससाठीची, प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं) सुरू होणार असेल तर किडलेले, पू झालेले दात त्याआधीच उरकून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेदनाशामक. दात काढल्यावर आपल्याकडे सर्रास एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक नाहीतर केटोरोलॅक लिहून देतात. या गोळ्यांनी क्रोन्स उसळू शकतो. पॅरासिटामॉल चालतं, पण बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलसोबत एसिक्लोफेनॅकही असतं, तेव्हा स्ट्रिपवरची बारीक अक्षरं वाचाच. खुर्चीत बसण्याआधीच डेंटिस्टना हे सांगा, नंतर दुखायला लागलं की आपण मिळेल ती गोळी घेतो. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे अँटिबायोटिक घेतल्यावर जुलाब लागले तर 'आपलं नेहमीचंच' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना कळवा. अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूचा आतड्यात संसर्ग होऊ शकतो, त्यासाठी शौचाची तपासणी लागते.

हाडांसाठी ॲलेन्ड्रोनेटची गोळी किंवा झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन पूर्वी कधी घेतलं असेल, तर तेही सांगा, मग त्याला कितीही दिवस झालेले असोत. त्या औषधांनंतर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो, तो थोडा असला तरी डेंटिस्टना माहीत हवाच. सिगारेट ओढत असाल तर ती आधी सोडा. ती क्रोन्सलाही वाईट आणि इम्प्लांटलाही.

ब्रिज वाईट नाही. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील तर मी ब्रिजच करेन. पण ते दात धडधाकट असतील तर ते घासून बारीक करायला माझं मन होत नाही. आणि ज्यांचा आजार सारखा उसळतो, तोंडात वरचेवर फोड येतात, त्यांनी सध्या जागा रिकामी ठेवली किंवा काढता-घालता येणारा दात बसवला तरी चालेल. फोड आले की ब्रश लावणं नकोसं होतं, आणि इम्प्लांटभोवती घाण साचली की हिरडी सुजून खालचं हाड झिजू लागतं. मी अगदी मऊ ब्रश आणि फेस न होणारी पेस्ट वापरते.

स्टेरॉइड चालू आहे का आणि दाढ काढून किती दिवस झाले, ते खाली लिहा. आणि गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडून डेंटिस्टच्या नावाने चिठ्ठी घ्या, चालू औषधं त्यात लिहून मागा. माझ्या दोन्ही डॉक्टरांचं फोनवर बोलणं झालं, तेव्हाच तारीख ठरली.