नवी गाडी, अकरा महिन्यांत दाराखाली गंज. वॉरंटी आहे, पण शोरूमवाले घासून टचअप करून देतो म्हणतात. करू द्यावं का?

अजिबात करू देऊ नका. घासलं की पुरावा गेला, आणि पत्र्याच्या घडीत आतून धरलेला गंज पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वर येतोच.

माझी गाडी चौदा महिन्यांची होती. मागच्या डाव्या दाराच्या खालच्या कडेला फोड आले होते. नखाने दाबलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली चहाच्या चोथ्यासारखा भुगा. मी रत्नागिरीचा, त्यामुळे ॲडव्हायझरने गाडीला हात न लावताच निकाल दिला, "खारं वारं आहे सर, वॉरंटीत बसत नाही." त्याला तेच बोलायचा पगार मिळतो, समजू शकतो. पण पुण्याचे आमचे साडूसुद्धा फोनवर तेच, "समुद्राकाठी राहता, चालायचंच." अहो, खारं वारं काय एकाच दाराला लागतं?

रात्री झाडूची हीर घेऊन अंगणात बसलो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. तीन दारांत हीर सरळ आत गेली, चौथ्यात जाईना. बॅटरी मारून बघितलं तर भोकावर सीलर, म्हणजे पत्र्याचे सांधे बुजवायचा लेप, आणि सीलरवर गाडीचाच रंग. म्हणजे रंग मारायच्या आधी, कारखान्यातच बुजलेलं. वर्षभर पावसाचं पाणी दारात मुरत होतं.

चारही दारांचे फोटो काढले. जॉबकार्डवर 'पेंट कंप्लेंट' लिहिलं होतं, ते खोडायला लावून 'आतून गंज, ड्रेन होल बंद' असं लिहून घेतलं, मगच सही केली. मग कंपनीला मेल. चार महिन्यांत सात मेल झाले. सातव्यात एवढंच लिहिलं, की गाडी कोल्हापुरात घेतली असली तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि माझ्या किमतीच्या गाडीला फी २०० रुपये. आठवड्याभरात नवीन दार बसलं. छटा किंचित वेगळी आहे, उन्हात कळते.

आता, दगड लागून रंग उडाला असेल किंवा बाहेर ॲक्सेसरी बसवताना कुणी ड्रिल मारलं असेल, तर ते हात वर करणार आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कुठे कुठे पत्रा आरपार सडला तरच वॉरंटी, असंही लिहिलेलं असतं. बुकातलं ते पान आधी वाचा. ब्रेक डिस्कवर रात्रीत येणारी तांबूस साय दाखवायला तर जाऊच नका, दोनदा ब्रेक मारला की जाते. आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची आहे. आणि अंडरकोटिंग, म्हणजे गाडीच्या तळाला गंजरोधक थर, करणारा पाणी निघायची ती भोकंही लिंपून टाकत नाही ना, तिथे उभं राहून बघा.

गणपतीला साडू आले. त्यांचीही गाडी याच मॉडेलची, माझ्याआधी दोन महिने घेतलेली. मी हीर घेऊन बाहेर गेलो, त्यांना हाक मारली. तेच दार, तेच भोक, बंद.

"पुण्यात कुठे गंज येतो," म्हणाले, आणि हात धुऊन पानावर बसले.