वाचकांचे प्रश्न : फुल्यांसाठी नवी नक्षी

प्रश्न : फुल्यांच्या टाक्यात (क्रॉस-स्टिचमध्ये) तेच गुलाब आणि तीच अस्वलं भरून कंटाळा आलाय. नवी नक्षी शोधायची कुठे? सोबत नुकतीच शिकू लागलेली मुलगीही आहे.

जिथे मुळातच चौकोन आहेत तिथे आधी बघा : फरश्या, खिडक्यांच्या जाळ्या, मोझेक, विणलेल्या काठांवरचे पट्टे. अशा नक्ष्या ग्राफ पेपरवर फारशी ओढाताण न करता उतरतात. जुनी भरतकामंही बघावीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जेन बोस्टॉकचा १५९८ सालचा सॅम्पलर, म्हणजे टाक्यांचे आणि नक्ष्यांचे नमुने भरलेलं कापड, आहे. त्याच्या खालच्या भागात भौमितिक नक्ष्या दाटीने भरल्या आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने तर २०१७ पासून हक्कमुक्त वस्तूंची छायाचित्रं वापरायला खुली केली आहेत. अख्खा नमुना उचलू नका, एकच तुकडा घ्या.

तुकडा समतोल असेल तर पाव भागच काढा. ४१ × ४१ घरांची नक्षी हवी असेल तर मधली ओळ धरून २१ × २१ घरं रंगवा आणि बाकीचं आरशासारखं उलटवा. उलटवताना मधली ओळ पुन्हा काढायची नाही. ती दोनदा आली की नक्षी मध्येच जाडसर दिसते, आणि चूक लक्षात येते ती निम्मं भरून झाल्यावर! चौकटीचा कोपरा जुळत नसेल तर काढलेल्या किनारीवर छोटा आरसा ४५ अंशांत उभा धरा. कोपरा कसा वळेल ते तिथेच दिसतं.

मुलीसाठी ४० ते ६० घरं रुंदीची, चार-पाच रंगांची, फक्त पूर्ण फुल्यांची नक्षी निवडा. पाव आणि पाऊण टाके, म्हणजे अर्धवट फुल्या, नंतर. मापाचा हिशेब सोपा आहे : घरं भागिले कापडाचा काउंट (एका इंचात बसणारी घरं) म्हणजे इंच. १४ काउंटच्या आयडावर (फुल्यांसाठीचं चौकोनी घरांचं कापड) ६० घरं साधारण ४.३ इंच होतात. चारही बाजूंना तीन-तीन इंच जास्त कापड ठेवा, नाहीतर फ्रेम करताना मागे दुमडायला काही उरत नाही. दोऱ्याचे सहापैकी दोन पदर आणि २४ नंबरची बोथट सुई.

प्रश्न : ॲपमधून फोटोची नक्षी केली. साठ रंग आले आणि भरताना जीव मेटाकुटीला आला.

येणारच. ॲप प्रत्येक छटेला वेगळा रंग देतं, मग एकेकट्या फुल्या सगळीकडे विखुरतात. प्रत्येकीसाठी दोरा सुरू करा, संपवा. मागची बाजू जाड होते आणि कापड ओढलं जातं. आधी फोटो कापून मुख्य विषय तेवढाच ठेवा. पार्श्वभूमी काढून टाका, तिथे कोरं कापड छान दिसतं. रंगांची मर्यादा १५-२० ठेवा. उरलेली एकटी घरं शेजारच्या रंगात हातानेच मिसळा. हे काम ॲपवर सोडू नये. शेवटी आराखडा काळा-पांढरा करून बघा. शेजारचे दोन रंग सारखेच करडे दिसले तर भरल्यावरही ते एकमेकांत विरतील, त्यातला एक गडद करा.

आकारही आधीच तपासा. २०० × २०० घरं म्हणजे पूर्ण भरल्यास ४०,००० फुल्या.

प्रश्न : विणकामाचे आलेख फुल्यांसाठी चालतात का?

चालतात, पण नक्षी उभट होते. विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, फुली मात्र चौरस. दहा सेंटिमीटरात २० टाके आणि २८ ओळी असं माप धरून काढलेला आलेख असेल, तर दर सात ओळींतल्या दोन गाळाव्या लागतील. डोळे किंवा देठाचं टोक असलेली ओळ गाळू नका. क्रोशाच्या जाळीकामाचे आलेख बहुधा तसेच वापरता येतात.

प्रश्न : सगळे टाके येतात. आता वेगळं काय करू?

इटलीतल्या असिसीच्या पद्धतीने भरून बघा. त्यात आकृती कोरी राहते आणि भोवतालची जागा एकाच रंगाच्या फुल्यांनी भरतात. पक्षी किंवा प्राण्याची ठसठशीत बाह्यरेषा निवडा; आतले बारीक तपशील इथे हरवतात. आधी दुहेरी धावदोऱ्याने (एकदा धावदोरा घालायचा आणि परतताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या) कड पूर्ण करा, मगच फुल्या. सगळ्या फुल्यांचा वरचा पाय (वरून जाणारा तिरका टाका) एकाच दिशेला हवा, कारण सपाट एकरंगी भागात उलटी पडलेली एक फुलीही चटकन डोळ्यात भरते.