विटेचा हात ब्लॉकवर बसवताना

काँक्रीट ब्लॉकच्या कारखान्यांतून आणि बांधकामांवरून प्रशिक्षणाबद्दल आलेले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. चोपड्याच्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्न आज गावोगावचा आहे.

माझ्या कारखान्यात सातपुड्यातले मजूर दिवाळीनंतर येतात आणि भोंगऱ्या-होळीला गावी जातात. शिकवलेला माणूस चार महिन्यांत निघून जाणार असेल, तर प्रशिक्षणावर खर्च का करायचा? (ब्लॉक कारखानदार, धुळे)

कारण त्या चार महिन्यांचा माल तुमच्या नावावर विकला जातो. वर्गखोली लागत नाही. पहिले पंधरा दिवस रोज सकाळी मशीन सुरू होण्याआधी अर्धा तास द्या, आणि तो अर्धा तास हजरीत धरा. हजरी कापून शिकवलेलं कुणी मनावर घेत नाही.

सुरुवात मुठीपासून करा. मिक्सरमधला माल मुठीत घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा टिकला आणि तळहात नुसता ओलसर झाला, तर पाणी बरोबर. गोळा फुटला तर पाणी कमी. बोटांच्या फटींतून पाणी आलं तर जास्त, आणि तो ब्लॉक साच्यातून निघताच बसणार. हे प्रत्येकाच्या हातून करून घ्या, सांगून भागत नाही. शिकवणारा पावरी किंवा अहिराणी बोलणारा असेल तर आठवड्याचं काम दोन दिवसांत होतं. म्हणून तुमच्याकडचा जुना, नीट काम करणारा माणूसच शिक्षक करा आणि त्याला त्याचे वेगळे पैसे द्या.

आमचा मिस्त्री वीस वर्षांचा अनुभवी आहे. तरी ब्लॉकच्या भिंतींना चार महिन्यांत पायरीसारख्या भेगा पडल्या. चूक ब्लॉकची की मिस्त्रीची? (घरमालक, चोपडा)

भिंत न पाहता दोष एकावर टाकणार नाही. पाया खचला तरी अशा भेगा पडतात, तो आधी तपासून घ्या. पाया पक्का असेल, तर माझा पहिला संशय पाण्यावर आहे.

तुमच्या मिस्त्रीचा हात विटेवर तयार झालाय. वीट पाण्यात बुडवून लावायची, हे त्याला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं आणि ते बरोबरच आहे. कोरडी वीट मालातलं पाणी ओढून घेते. पण तीच सवय काँक्रीटच्या ब्लॉकला लावली की घोटाळा होतो. काँक्रीट भिजलं की किंचित फुगतं आणि वाळलं की आकसतं. ओलाचिंब ब्लॉक भिंतीत गेला की तो भिंतीतच वाळतो, तिथेच आकसतो, आणि सांध्यातून भेग पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाते. ब्लॉक बांधकामाचं भारतीय मानक, आयएस २५७२, हेच सांगतं: लावण्याआधी ब्लॉक भिजवायची गरज नाही, हवा फार कोरडी असेल तर वरची बाजू आणि कडा नुसत्या ओलसर कराव्यात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एवढं करावंच लागतं. ब्रशने पाण्याचा हात फिरवायचा, पाइप धरायचा नाही.

पाण्याची दुसरी चूक कारखान्यात होते. ब्लॉक बनवण्याचं मानक आयएस २१८५, त्याप्रमाणे ब्लॉक किमान १४ दिवस सतत ओला ठेवायचा आणि त्यानंतर ४ आठवडे वाळवायचा. म्हणजे साच्यातून निघाल्यापासून भिंतीत जाईपर्यंत साधारण दीड महिना. मागणी वाढली की आठ-दहा दिवसांचा ब्लॉक ट्रॅक्टरवर चढतो. पुढच्या वेळी ब्लॉक घेताना तो कोणत्या तारखेला पाडला हे विचारा आणि पावतीवर लिहून घ्या.

तिसरी गोष्ट सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मालाची. ‘सिमेंट जास्त, भिंत मजबूत’ असं समजून १:३ चा, म्हणजे एक भाग सिमेंटला तीन भाग वाळूचा, माल वापरला जातो. सांध्याचा माल ब्लॉकपेक्षा कडक झाला की ताण जिरायला जागा उरत नाही आणि भेग थेट ब्लॉक फोडून जाते. साध्या भिंतीला १:६ पुरतो, सांधा १० मिलिमीटरचा. ब्लॉक ३९० मिलिमीटर लांब आणि १९० उंच असतो तो याचसाठी: सांधा धरून ४०० आणि २०० भरतात, आणि चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक बसतात. हे गणित ज्याला कळलं तो खिडकी-दरवाजाची मापं आधीच ब्लॉकच्या पटीत धरतो आणि तोडफोड वाचते.

यातलं काहीच तुमच्या मिस्त्रीला कुणी सांगितलेलं नसणार. त्यांच्यावर चिडू नका. माझ्या पाहण्यात असे गवंडी दोन दिवसांत बदललेत, कारण हात तयार असतो, फक्त एक सवय सोडायची असते.

शाळा सातवीपर्यंत, गवंडीकाम पंधरा वर्षं. प्रमाणपत्र कसं मिळेल? रोज बुडवून शिकायला परवडत नाही. (गवंडी, अमळनेर)

दादा, तुमच्यासाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली आणि तिच्या १८ व्यवसायांत राजमिस्त्री आहे. स्वतःचं काम करणाऱ्याला, घरातल्या एकालाच लाभ मिळतो. नोंदणी गावच्या सीएससी (ऑनलाइन सरकारी सेवांच्या) केंद्रात होते, मग ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेकडून पडताळणी. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचं, रोज ५०० रुपये विद्यावेतन, आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर. ५०० रुपयांत तुमची पूर्ण हजरी भरून निघणार नाही हे मला माहीत आहे, तरी जा. तिथे ब्लॉकच्या भिंतीचा सराव आग्रहाने मागून घ्या, नाहीतर सगळा वेळ वीट आणि प्लास्टरमध्ये जाईल.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी नसेल तर तीही करा. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामाचं काम, एवढं लागतं.

फ्लाय अॅशच्या (वीजकेंद्रातल्या राखेच्या) ब्लॉक कारखान्यात काम करते. मिक्सर आतून साफ करायला सांगतात, ब्लॉक उचलून कंबर धरते, बोटांना चिरा पडतात. बायकांसाठी वेगळं काही शिकवतात का? (कामगार, भुसावळ)

ताई, मिक्सरचं आधी. आत हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या कमरेला. नुसतं ‘बंद केलाय’ असं कुणी ओरडून सांगितल्यावर उतरू नका. एकदा एका कारखान्यात मी उभा असताना बाई आत आणि बटणाशी नवा मुलगा, असं पाहिलंय. त्या दिवशी काही झालं नाही, पण तो क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आठ इंची भरीव ब्लॉक पस्तीस किलोच्या आसपास भरतो. तो एकटीने उचलायचाच नाही. दोघींनी उचला किंवा हातगाडी मागा. चिरा सिमेंटच्या क्षाराने पडतात. रबरी हातमोजे घाला, कापडी मोजे भिजून उलट जास्त लागतं. जेवणाआधी स्वच्छ पाण्याने हात धुऊन खोबरेल लावा. राख ओतताना नाकाला ओढणी पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क मालकाने द्यायला हवा. बायकांसाठी वेगळं शिकवायची गरज नाही. हेच सगळ्यांना पहिल्या दिवशी शिकवायला हवं.

बारावी झालो. गवंडीकामाचा आयटीआय करावा का? (विद्यार्थी, शहादा)

करावा. ‘मेसन (बिल्डिंग कन्स्ट्रक्टर)’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे, पण तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो. प्रवेशाआधी स्वतः जाऊन पाहा: कार्यशाळेत मुलांनी बांधलेल्या भिंती उभ्या आहेत का, आणि थाप्यांना माल लागलेला आहे का.