क्लबमधले जुने सदस्य गेले, त्यांची आठवण कशी जपावी?

तुमच्या हौशी छायाचित्रण क्लबमधले सर्वांत जुने सदस्य वारले, शोकसभा झाली, ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज येऊन गेले आणि आता त्यांच्या नावाने चषक ठेवावा की प्रदर्शन भरवावं, असं तुम्ही विचारलंय. आमच्या क्लबमधल्या अशा काही जुन्या मंडळींच्या मागे राहिलेलं काम आवरायला मी होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चषक आणि प्रदर्शन दोन्ही थांबू शकतं. आधी त्यांचं काम वाचवा. घर आवरायला निघालं की कॅमेरे आणि लेन्स सांभाळून ठेवल्या जातात, कारण त्यांची किंमत कुणालाही कळते. निगेटिव्हच्या फाइली, स्लाइडचे डबे, काँटॅक्ट शीट (एका रोलच्या सगळ्या फ्रेम लहान आकारात छापलेला कागद) आणि वह्या मात्र रद्दीत जातात. यात घरच्यांचा काही दोष नाही. त्यात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. तेव्हा ज्याचं त्या घरी जाणं-येणं होतं अशा एकाच माणसाने जावं आणि पहिल्या भेटीत एवढंच म्हणावं, "काही टाकू नका, तुम्हाला सोयीचं होईल तेव्हा आम्ही येऊन लावून देतो." सामान नेलंच तर यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. फोटोंचे हक्क मृत्यूनंतर वारसांकडे जातात आणि अनेक देशांत ते पुढची ५० ते ७० वर्षं टिकतात. म्हणून प्रदर्शन, पुस्तिका आणि इंटरनेट या तिन्हींसाठी वेगवेगळी लेखी परवानगी मागा. दुःखातल्या माणसांपुढे कागद ठेवणं अवघड जातं, पण पुढे गैरसमज होण्यापेक्षा ते बरं.

सामान हाती आलं की प्रिंटची मागची बाजू आधी पाहा. आमच्या एका ज्येष्ठांच्या प्रत्येक माउंटमागे, म्हणजे प्रिंट लावलेल्या पुठ्ठ्यामागे, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं: कोणता रोल, कितवी फ्रेम, कोणता पेपर, एनलार्जरखाली (निगेटिव्हची प्रतिमा मोठी करून कागदावर टाकणाऱ्या यंत्राखाली) किती सेकंद. एका पावसाळी दृश्याच्या मागे लिहिलं होतं, "आभाळ ६ सेकंद जास्त, डावा कोपरा रोखला, तरी जड." म्हणजे आभाळाला जास्त वेळ उजेड दिला, डाव्या कोपऱ्यावरचा अडवला, तरी प्रिंट गडदच राहिली. खाली वेगवेगळ्या सलोनची (छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनांची) लेबलं एकावर एक चिकटवलेली, आणि ज्या सलोनने तो फोटो नाकारला त्याचं नावही स्वतःच लिहून ठेवलेलं. हा माणूस कसा काम करायचा हे त्या एका पाठीवरून जेवढं कळतं तेवढं शोकसभेतल्या कुठल्याही भाषणातून कळत नाही. म्हणून स्कॅन करताना प्रिंटच्या दोन्ही बाजू स्कॅन करा. काँटॅक्ट शीटवर लाल पेन्सिलीने केलेल्या चौकटीही तशाच राहू द्या, पुसू नका. छत्तीसपैकी कोणती फ्रेम निवडली आणि कोणती सोडली, हा त्यांचा विचार त्यात आहे.

डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला तर ते निगेटिव्ह लगेच बाकीच्यांपासून वेगळे करा. ॲसिटेट फिल्मचा आधार विघटित होऊ लागला की ॲसेटिक ॲसिड सुटतं, आणि त्या ॲसिडमुळेच पुढची झीज आणखी वेगाने होते. शेवटी फिल्म आकसते, वाकडी होते आणि वरच्या थराला सुरकुत्या पडतात. असे रोल स्कॅनिंगच्या रांगेत सगळ्यात पुढे घ्या. बाकीचं सामान थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. माळ्यावर किंवा बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको.

न धुतलेले, म्हणजे डेव्हलप न केलेले रोल मिळाले तर कुणाला पटकन धुवायला देऊ नका. कृष्णधवल रोल कित्येक वर्षांनीही धुता येतो, थोडं धुकं येतं इतकंच. पण जुन्या फिल्मचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच ते करून घ्या. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत स्लाइड फिल्मची गोष्ट निराळी. तिच्या रंगीत प्रक्रियेची जगातली शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या अखेरीस थांबली, त्यामुळे न धुतलेल्या कोडाक्रोममधून आता फार तर कृष्णधवल प्रतिमा निघू शकते. धुतलेल्या कोडाक्रोम स्लाइड मात्र अंधारात ठेवलेल्या असतील तर त्यांचे रंग आजही उत्तम असतात.

स्कॅनिंगबद्दल थोडक्यात: ३५ मिमीची फ्रेम ४००० डीपीआयने (इंचाला ४००० बिंदू) घेतली की साधारण २१ मेगापिक्सेलची फाइल होते, मोठ्या प्रिंटला ती पुरते. मूळ फाइल टिफ या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात ठेवा. नाव, वर्ष, ठिकाण आणि फोटोतल्या माणसांची माहिती फाइलच्या आतल्या आयपीटीसी रकान्यांत भरा. वेगळी वही केली तर ती हरवते, आणि व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीत सहसा ना ही माहिती उरत ना मूळ दर्जा. डिजिटल काळातलं काम असेल तर हार्डडिस्कची आधी जशीच्या तशी प्रत काढा, मगच आत काय आहे ते बघा. त्यांनी स्वतः तारे देऊन निवडलेले फोटो कोणते, हे त्यांच्या फोटो-सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये दिसेल. ती निवड बदलू नका.

आता माझ्या मते जे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि जे बहुतेक क्लबांकडून सुटतं, त्याबद्दल. अशा सदस्याची ओळख लिहिताना आपण पदकं मोजतो, एएफआयएपी, ईएफआयएपी ही आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या किताबांची अक्षरं नावापुढे लावतो. ती कष्टाने मिळालेली असतात, जरूर लिहावीत. पण क्लबला त्यांनी दिलेला मोठा वाटा दुसऱ्यांच्या फोटोंसमोर उभं राहून दिलेला असतो. आमच्या ज्येष्ठांकडे काळ्या पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या असायच्या. नवख्या मुलाची प्रिंट आली की ते एक शब्द न बोलता त्या पट्ट्या प्रिंटवर ठेवायचे आणि हळूहळू आत सरकवायचे. उजवीकडचा विजेचा खांब गेला, वरचं रिकामं आभाळ गेलं, आणि उरलेल्या चौकटीत एकदम फोटो दिसायला लागायचा. मग विचारायचे, "आता कुठे बघतोस?" चूक दाखवून द्यायचे नाहीत, ती ज्याची त्याला दिसेपर्यंत थांबायचे. मला फोटो बघायला त्यांनी शिकवलं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणांना. हे कुठल्याही प्रमाणपत्रावर नसतं. म्हणून प्रत्येक सदस्याकडून एकच मजकूर मागवा: त्यांच्या सांगण्यावरून बदललेला स्वतःचा एक फोटो आणि ते नेमकं काय म्हणाले होते. "ते फार प्रेमळ होते" असं कुणी पाठवलं तर आदराने परत विचारा, प्रेमळ म्हणजे काय केलं? अशा पंधरा-वीस नोंदी जमल्या की माणूस उभा राहतो.

या नोंदी कागदावर छापा आणि क्लबच्या दप्तरात लावा. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी, म्हणजे आजची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी, १८५३ साली स्थापन झाली आणि तेव्हापासून तिचं नियतकालिक निघतंय. त्या काळच्या हौशी सभासदांनी काय केलं, कशावर वाद घातले, हे आज वाचता येतं ते छापून ठेवल्यामुळेच. तुमच्या ग्रुपवरचे श्रद्धांजलीचे मेसेज फोन बदलला की जातील.

प्रदर्शन भरवलंत तर वीस-पंचवीसपेक्षा जास्त प्रिंट लावू नका, आणि त्यांत त्यांना आवडलेले पण कुठेही न गाजलेले फोटो असू द्या. उद्घाटनाच्या भाषणांऐवजी क्लबची नेहमीची समीक्षा बैठक घ्या. त्यांच्या प्रिंट एकेक करून स्टँडवर ठेवा आणि मोकळेपणाने बोला, काय जमलंय, काय जमलं नाही. काहींना हे खटकेल. पण ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या कामावर प्रामाणिक मत दिलं, त्यांच्या कामावर निव्वळ स्तुती करणं मला त्यांचा मान राखणं वाटत नाही. घरच्यांना मात्र आधी कल्पना द्या, त्यांची तयारी असेल तरच करा.

चषकाबाबत माझं मत थोडं वेगळं आहे. पाच वर्षांनी तो घेणाऱ्याला त्या नावामागचा माणूस ठाऊक नसतो. ठेवायचाच असेल तर त्यांच्या कामाशी जोडलेला ठेवा: ते कृष्णधवल प्रिंट करायचे तर प्रिंटसाठीच, आणि बक्षिसासोबत त्यांची एक प्रिंट द्या, मागच्या नोंदीच्या प्रतीसह.

आणि तुमच्या क्लबमध्ये आणखीही काही वयोवृद्ध सदस्य असतीलच. त्यांच्याकडे आत्ताच जा. त्यांच्याच दहा प्रिंट समोर ठेवून तासभर गप्पा रेकॉर्ड करा. "आठवणी सांगा" म्हटलं की लोक अडखळतात, पण फोटो हातात दिला की बोलायला लागतात. रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक प्रिंटचा क्रमांक मोठ्याने म्हणा, म्हणजे नंतर ऐकणाऱ्याला कोणत्या फोटोबद्दल बोलणं चाललंय ते कळेल. निगेटिव्ह पुढे कुणाकडे द्यायचे, हेही त्यांनाच विचारून त्यांच्या सहीने लिहून घ्या.