चांगलं वागलो तर डोक्यावर बसतील ना?

“मॅडम, माणसांशी चांगलं वागा म्हणता, पण मग ती डोक्यावर बसतात. धंदा कोण बघणार?”

हा प्रश्न माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतो, फक्त विचारणारा बदलतो. या वेळचे गृहस्थ पंचावन्नचे, अंधेरी एमआयडीसीत औषधांची खोकी छापण्याचा कारखाना, माणसं चाळीसेक. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं होतं.

झोप उडाली होती एका लॉटमुळे. गोळी 250 मिलिग्रॅमची, खोक्यावर छापलं 500. मशीनवर जुनी प्लेट चढली होती. सगळा माल परत आला आणि पंधरा वर्षांची पार्टी हातातून जायची वेळ आली.

“एकाचंही कामात लक्ष नाही,” ते म्हणाले.

“छापताना कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

बराच वेळ ते चष्मा पुसत राहिले. “आलं होतं. रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या. पण बोलला नाही.”

का बोलला नाही, तेही त्यांच्याच तोंडून आलं, पण पुढच्या भेटीत आणि वेगळ्याच संदर्भात. महिन्याभरापूर्वी याच माणसाने रंगाची शेड हलतेय असं वाटून मशीन थांबवलं होतं. तेव्हा चार पोरांदेखत साहेब म्हणाले होते, “मशीन बंद ठेवायचा पगार देतो का तुला?” मी त्यांना ते वाक्य तशाच आवाजात पुन्हा म्हणायला सांगितलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज अर्ध्यावर आला.

मी त्यांना हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांचं काम सांगितलं. नव्वदच्या दशकात त्यांनी रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील असा अंदाज होता, पण नोंदी तिथेच जास्त निघाल्या. त्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथली माणसं चूक सांगायला घाबरत नव्हती. साहेब लगेच म्हणाले, “म्हणजे माझ्याकडे चुकांची तक्रार येत नाही, हेच वाईट?” हिशेबी माणसाला असं पटकन कळतं.

“पण आम्ही वाढदिवसाला केक कापतो. आमच्याकडे सगळे एक कुटुंब आहे.” हे कुटुंब प्रकरण ऐकलं की मी जरा सावध होते. घरात कुणी पगारवाढ मागत नाही, आणि मालकाला तेच सोयीचं असतं. ओव्हरटाइमचं विचारल्यावर कळलं, तो साध्याच दराने देतात. कायद्याने दुप्पट द्यावा लागतो. केक राहू दे, आधी ते करा, म्हटलं. लेट मार्कचंही तेच. तीन झाले की अर्धा दिवस कापायचे, आणि निम्मी माणसं नालासोपारा-विरारची. पावसात अंधेरी सबवे तुंबला की साहेबांची गाडीसुद्धा अडकते, पण त्यांना मार्क कोण लावणार!

घरचा अभ्यास एकच दिला. कुणी वाईट बातमी आणली की पहिलं वाक्य: “बरं झालं सांगितलंस.” दोष कुणाचा, पैसे कुणाचे, हे सगळं नंतर. आणि हो, ठरलेल्या वेळेला माल गेलाच पाहिजे, खोटं बोललेलं चालणार नाही, हे नियम तसेच कडक ठेवायचे. डोक्यावर बसण्याची भीती त्यांना होती ना, त्यावर उत्तर तिथे होतं.

आठवड्याभरात ते घसरलेच. डाय-कटिंगच्या, म्हणजे छापलेली शीट खोक्याच्या आकारात कापणाऱ्या, पोरावर ओरडले. मग चहाच्या वेळी खाली जाऊन “मघाशी माझं चुकलं” म्हणाले. पोरगा इतका गोंधळला, की त्यानेच माफी मागितली.

चौथ्या भेटीला आले ते वैतागूनच. आदल्या संध्याकाळी त्याच ऑपरेटरने मशीन थांबवून त्यांना खाली बोलावलं होतं. शीट उजेडात धरली, मंजूर नमुन्याशी ताडली, अक्षर न् अक्षर वाचलं. काही चूक नव्हती. चाळीस मिनिटं गेली.

“आता यालाही बरं झालं म्हणायचं का, मॅडम?”

“तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो,” ते कसंनुसं हसले, “पण दात-ओठ खात.”