रील बघून कायरोप्रॅक्टर व्हायचंय म्हणते…

"मॅडम, हे कायरोप्रॅक्टर म्हणजे नेमकं काय? त्यात भविष्य आहे का?" बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा येतो. विचारणारे बहुतेक पालकच. मुलांचं मनात ठरलेलं असतं. मान वळवली, कट्ट आवाज आला आणि पेशंट हसत उठला, असल्या रील्स त्यांनी ढिगानं पाहिलेल्या असतात.

त्यातल्या एकीबद्दल सांगते. तिला मानसी म्हणू. कराडजवळच्या गावातली, कबड्डी खेळणारी. गुडघा दुखावला तेव्हा फिजिओथेरपीनं बरी झाली होती, त्यामुळे हातानं करायच्या उपचारांवर तिचा विश्वास बसला होता. नीटचे मार्क एमबीबीएसला पुरणारे नव्हते. तिनं मोबाइलवर एक जाहिरात दाखवली: थोड्या दिवसांचा वर्ग, शेवटी प्रमाणपत्र आणि लगेच स्वतःचं क्लिनिक. वडिलांचं म्हणणं निराळंच. "आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीला पाय लावून घेतात. चहा पाजला की झालं. त्याला एवढे पैसे कशाला?"

हसू आलं, पण प्रश्न रास्त होता. म्हणून आधी हे कुठून आलं ते सांगितलं. 1895 साली अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टमध्ये डी. डी. पामर यांनी ही पद्धत सुरू केली: मणक्याच्या सांध्यांना हातानं दाब किंवा झटका देऊन उपचार करायचे. बहुतेक आजारांचं मूळ मणक्यात आहे, असं त्यांचं म्हणणं. ते काही विज्ञानाला पटलेलं नाही. कंबरदुखीत मात्र या उपचाराचा थोडाफार उपयोग होतो, साधारण व्यायाम आणि इतर उपचारांइतकाच. आणि तो आवाज? आपण बोटं मोडतो तेव्हाचाच. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, सरकलेलं हाड जागेवर बसत नाही. हे ऐकून मानसीचा चेहरा पडला. रीलमधली अर्धी जादू त्या आवाजातच असते ना!

मग मी विचारलं, "तुला पेशंटला हात कुठं लावायचाय? कराडात, पुण्यात की अमेरिकेत?"

तिनं हा विचारच केला नव्हता. माझ्या मते सगळं इथंच ठरतं. अमेरिकेत कायरोप्रॅक्टर होण्यासाठी आधी कॉलेजची साधारण तीन वर्षं, मग 'डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक' ही चारेक वर्षांची पदवी, राष्ट्रीय मंडळाच्या परीक्षा आणि वर त्या त्या राज्याचा परवाना. फीच बऱ्याच ठिकाणी एक लाख डॉलरच्या वर जाते, राहणं-खाणं वेगळं. ब्रिटनमध्ये 1994 चा कायदा आहे. तिथल्या परिषदेकडे नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेणं गुन्हा ठरतो. आपल्याकडे मात्र कायरोप्रॅक्टरची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषदच नाही. मोठ्या शहरांत परदेशी पदवी घेऊन काम करणारे मोजके लोक आहेत. तिच्या मोबाइलवरच्या प्रमाणपत्राला इथल्या कायद्यात आधार नव्हता आणि परदेशात तर कुणी ते उघडूनही पाहिलं नसतं.

फिजिओथेरपीचं तसं नाही. बीपीटीएच हा फिजिओथेरपीच्या पदवीचा साडेचार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली चालतो. प्रवेश नीटच्या मार्कांवर, सीईटी सेलच्या फेऱ्यांतून. नोंदणीसाठी राज्याची परिषद आहे. सांधे हातानं मोकळे करण्याचं कौशल्य, म्हणजे मॅन्युअल थेरपी, याच वाटेनं पुढे शिकता येतं. मेटलंड, मलिगन या पद्धती तर फिजिओथेरपिस्टनीच बसवलेल्या.

वडिलांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता: "पण नावापुढं डॉक्टर लागतंय का?" त्यावर आपल्याकडे वाद चालू आहे. मी स्पष्ट सांगितलं, या दोन अक्षरांसाठी कोर्स निवडू नका.

तोंडी सांगून भागत नाही, म्हणून ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंच्या ओपीडीत तिला काही दिवस नुसतं बसायला पाठवलं. कट्ट आवाज तिथं क्वचितच ऐकू आला. गुडघेदुखीच्या आजींना तोच व्यायाम पुन्हा पुन्हा समजावणं, अर्धांगवायू झालेल्या माणसाला उभं करणं, हेच काम जास्त. एक मध्यमवयीन गृहस्थ "जरा पाठ मोकळी करून द्या" म्हणत आले. दुखणं रात्री वाढायचं, वजन उतरलं होतं, संध्याकाळी बारीक ताप. बाईंनी त्यांच्या पाठीवर जोर द्यायला साफ नकार दिला आणि मणक्याच्या टीबीची शंका म्हणून तपासणीला पाठवलं. ठिसूळ हाडं, मणक्यातला टीबी, कॅन्सरची गाठ, अशा पाठीला झटका दिला तर माणूस कायमचा अधू होऊ शकतो. मानेला झटका दिल्यावर रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना आहेत. दुर्मीळ, पण आहेत. मानसीनं परत आल्यावर फक्त हाच पेशंट सांगितला, तोही दोनदा. थोड्या दिवसांच्या त्या वर्गात हे कधी शिकवणार, असं तिनंच विचारलं.

सगळ्यांनी फिजिओथेरपीच घ्यावी, असं माझं म्हणणं नाही. घरची ऐपत असेल, परदेशातच स्थायिक व्हायचं असेल, तर कायरोप्रॅक्टिक हा तिथं रीतसर व्यवसाय आहे. फक्त आधी देश ठरवा, त्या देशाच्या नियामक संस्थेची मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी बघा आणि फी त्यानंतर भरा. इथंच राहायचं असेल तर इथली नोंदणी देणारी पदवी आधी हातात हवी.

मानसी आता बीपीटीएचच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेचा नाद तिनं सोडलेला नाही. इंटर्नशिप झाली की तिथल्या कॉलेजांना मेल करून विचारणार आहे, इथले किती विषय धरता म्हणून. वडील म्हणतात, "तोवर डॉलर कुठं जाईल कुणास ठाऊक."